आजारी मुलाला शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं? सकाळच्या अर्ध्या तासात निर्णय कसा घ्यावा

आमची सकाळची शाळा 7 वाजून 20 मिनिटांनी भरते. साडेदहाच्या सुमाराला, डबा खायच्या सुट्टीच्या जरा अलीकडे, वर्गातलं एखादं मूल बाकावर डोकं टेकतं. जवळ जाऊन मानेला हात लावावा तर चटका बसतो. "सकाळी औषध घेतलं होतंस का रे?" असं विचारलं की मान हलते. "आईनं दिलं. गुलाबी." मग फोनाफोनी सुरू होते. आई कामावर, बाबा शिफ्टला, आजी गावी. तोवर ते पोर ऑफिसातल्या खुर्चीत दप्तर मांडीवर घेऊन बसून राहतं.

मी अठरा वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर शिकवते आहे. ताप नेमका साडेदहालाच का चढतो, हे मला फार उशिरा कळलं. तापाचं जे औषध आपण घरी देतो, पॅरासिटामॉल, त्याचा परिणाम साधारण 4 ते 6 तास टिकतो. सकाळी साडेसहाला दिलेला डोस साडेदहा-अकराला उतरायला लागतो. मूल सकाळी बरं झालेलं नसतंच. ताप फक्त औषधाखाली दबलेला असतो.

मी स्वतः हे केलेलं आहे. माझी मुलगी मोठ्या गटात असताना आमच्याकडे तपासणी होती, रजा मिळणं शक्य नव्हतं. तिचं अंग पहाटे कोमट लागलं, मी औषध पाजलं, अर्ध्या तासात ती हसायला-बोलायला लागली आणि मी तिला पाठवून दिलं. अकराला फोन आला. गणवेशावर उलटी झालेली, डोळे लाल, आणि मला बघितल्यावर ती रडलीसुद्धा नाही, नुसती खांद्यावर येऊन पडली. त्या दिवसानंतर घरात एक नियम केला आणि वर्गातल्या पालकांनाही तोच सांगते: आधी निर्णय, मग औषध. खालचं सगळं या नियमाच्या आधाराने वाचावं.

पहिली पायरी आदल्या रात्रीची

मूल संध्याकाळी मलूल वाटलं, जेवताना दोन घासांवर उठलं, नेहमीपेक्षा लवकर कुशीत शिरलं, तर निर्णयाची तयारी रात्रीच करा. सकाळी डबा, पाणी, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न यांच्या गडबडीत डोकं शांत राहत नाही.

झोपताना ताप मोजा आणि लिहून ठेवा. आपण दुधाचा आणि गॅसच्या सिलिंडरचा हिशेब कॅलेंडरच्या चौकटीत लिहितो ना, तिथेच लिहा: "रा. 9.30, 101, औषध दिलं." डॉक्टरांकडे गेल्यावर "ताप कधीपासून?" या प्रश्नाला "झाले असतील दोन-तीन दिवस" असं उत्तर द्यावं लागत नाही. डेंग्यूसारख्या आजारात तापाचा तिसरा दिवस की पाचवा, यावर पुढच्या तपासण्या ठरतात.

दुसरं काम म्हणजे उद्या मूल घरी राहिलंच तर जवळ कोण असेल, हे रात्रीच ठरवून ठेवणं. आजीला फोन, शेजारच्या काकूंना विचारणं, नवऱ्याशी बोलणं. सकाळी पावणेसातला हा प्रश्न उभा राहिला की आपण नकळत मुलाला "तसं बरंच आहे" असं ठरवून टाकतो. माझ्या अनुभवात चुकीचे निर्णय बहुतेक वेळा याच कारणाने होतात. आईबापांचं मुलावरचं लक्ष कमी असतं असं मुळीच नाही. घरी थांबायला माणूस नसतं.

सकाळी, औषधाला हात लावण्याआधी

उठल्या उठल्या कपाळाला हात लावून ठरवू नका. आपले हात पाण्यात असतात, मूल पांघरुणातून आलेलं असतं. पाच-दहा मिनिटं मोकळ्या हवेत बसू द्या, मग डिजिटल थर्मामीटर लावा. काख घामाने ओली असेल तर पुसून घ्या, टोक नीट काखेच्या खळग्यात ठेवा, हात छातीशी दाबून धरा आणि बीप वाजेपर्यंत सोडू नका. तोंडात लावणार असाल तर नुकतंच गरम दूध प्यायलेलं नको.

तोंडात 100.4 अंश फॅरनहाइट म्हणजे 38 अंश सेल्सिअस किंवा त्यापुढे असेल तर तो ताप, आणि त्या दिवशी शाळा नाही. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी दाखवतं. म्हणून काखेत 99.5 च्या पुढे दिसलं आणि मूल गप्प-गप्प असेल, तर मी अर्ध्या तासाने परत मोजते. वाढत चाललं असेल तर ठेवूनच घेते.

आकडा पाहिल्यावर मुलाकडे बघा. मी तीन प्रश्न विचारते. हे मूल पाच तास बाकावर बसू शकेल का? याला जे लागेल, म्हणजे सारखं पाणी, बाथरूमला जाणं, पडून राहणं, ते चाळीस मुलांच्या वर्गात बाई करू शकतील का? आणि याच्याजवळ बसणाऱ्या मुलांना हे लागेल का? पहिल्या दोनपैकी एकाचं जरी उत्तर "नाही" आलं, किंवा तिसऱ्याचं "हो" आलं, तर मूल घरी. आकडा 98.6 असला तरीही.

बघण्याची सोपी खूण नाश्ता. रोजचं आवडतं काहीतरी समोर ठेवा. खाल्लं, वर भावाशी भांडलं, चप्पल कुठे आहे म्हणून ओरडलं, तर बहुधा ठीक आहे. नुसतं ताटाकडे बघत बसलं तर नाही.

ताप

ताप असलेलं मूल घरी राहणार, हे झालं. औषध देताना दोन गोष्टी जपा. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस मुलाच्या वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम असतो. बाजारात याच औषधाच्या दोन ताकदीच्या बाटल्या मिळतात. एकीत 5 मिलीत 120 किंवा 125 मिलिग्रॅम, दुसरीत 250 मिलिग्रॅम. 16 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम द्यायचं असेल तर पहिल्या बाटलीतून 10 मिली लागेल आणि दुसरीतून 5 मिलीपेक्षा किंचित कमी. बाटली बदलली आणि "नेहमीचे दोन चमचे" तसेच राहिले तर डोस दुप्पट होतो. म्हणून बाटलीवरचा आकडा वाचा, घरातला चमचा न वापरता सोबत आलेलं मापाचं झाकण वापरा, दोन डोसांत किमान 4 तास, शक्यतो 6 तास जाऊ द्या, आणि दिवसात 4 पेक्षा जास्त वेळा देऊ नका. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजणीत धरा.

मेडिकलमधून "ताप झटकन उतरवणारं" काही मागू नका. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पट्ट्या साध्या पाण्याच्या ठेवा. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडतं आणि ताप आतून आणखी चढतो. तीन गोधड्यांत गुंडाळून घाम काढण्याची पद्धतही सोडून द्या; सुती कपडा, पंखा हळू, बस.

सर्दी आणि खोकला

नुसती सर्दी, नाक वाहतंय, ताप नाही, खेळतंय, तर पाठवा. वाहतं नाक म्हणून घरी ठेवायचं ठरवलं तर जून ते सप्टेंबर आमचा वर्ग अर्धा रिकामा असेल. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. सर्दी मुरत आली की तो रंग बदलतोच. सोबत दोन रुमाल द्या आणि शिंकताना कोपराच्या आत तोंड कसं लपवायचं ते घरी चार वेळा करून घ्या. मुलांना ते खेळासारखं वाटतं, पटकन शिकतात.

खोकल्यात बघायचा तो श्वास. बनियन काढा, मूल शांत बसलेलं किंवा झोपलेलं असताना पोट किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त आणि पाचच्या वरच्या मुलात 30 किंवा जास्त, हा वेगवान श्वास समजावा. बरगड्यांखालची जागा प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असेल, गावाकडे म्हणतात तसं "पोट उडत" असेल, नाकपुड्या फुलत असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, तर शाळेचा प्रश्नच संपला. तडक डॉक्टर.

ताप गेल्यावर मागे राहिलेला सुका खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तेवढ्यासाठी घरी ठेवायची गरज नाही. पण खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला आणि जोडीला संध्याकाळचा ताप किंवा वजन न वाढणं असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. रात्री खोकल्याची उबळ इतकी येते की शेवटी उलटी होते, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येतो, तर तो डांग्या खोकला असू शकतो. औषध सुरू झाल्यापासून 5 दिवस घरीच. बालदम्याच्या मुलाची गोष्ट वेगळी. तो संसर्ग नाही. दमा आटोक्यात असेल तर मूल शाळेत यावं, आणि त्याचा पंप कधी, कसा द्यायचा हे बाईंना समक्ष दाखवून ठेवावं.

खोकल्याच्या औषधाविषयी मी पालकांना हात जोडून सांगते. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायनाची भेसळ झालेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, त्यातल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. पाच वर्षांखालच्या मुलांना ही औषधं सहसा लागतही नाहीत. एक वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध, कोमट पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, एवढ्याने बरीच रात्र निभावते. शेजारणीच्या कपाटातली बाटली आणू नका.

घसा लाल, गिळताना दुखतंय, ताप आहे पण खोकला-सर्दी काहीच नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. जिवाणूंमुळे असेल तर अँटिबायोटिक सुरू केल्यावर 24 तासांनी मूल शाळेत येऊ शकतं, पण कोर्स पूर्ण करायचा. अर्धवट सोडलेल्या अशा घशामुळे पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

उलट्या-जुलाब

इथे माझं मत पक्कं आहे. शेवटची उलटी किंवा शेवटचा पातळ जुलाब झाल्यावर पूर्ण 24 तास जाईपर्यंत पाठवू नका, 48 तास देता आले तर आणखी बरं. रात्री दोनला उलटी झाली आणि सकाळी मूल टवटवीत दिसतंय, हा धोक्याचा सापळा आहे. शाळेत नळ मोजके, शौचालय एक, साबण असतो किंवा नसतो. एका मुलामुळे दोन दिवसांत आठ मुलं घरी बसलेली मी पाहिली आहेत. आणि सातेक वर्षांच्या मुलाची चड्डी वर्गात खराब झाली तर ते मूल पुढे कित्येक दिवस शाळेचं नाव काढत नाही.

घरी ओआरएस. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. मोठं पाकीट 1 लिटरचं असतं, ते सगळं एकदम 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धं पाकीट आणि अंदाजे ग्लासभर पाणी असा हिशेब करू नका. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चमच्या-चमच्याने पाजा, एकदम ग्लास तोंडाला लावला की उलटून पडतं. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत, जास्त साखरेने जुलाब वाढतात. जोडीला झिंकची गोळी, सहा महिन्यांवरील मुलांना रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे मिळतात. खायला मऊभात, पेज, ताक, केळं. उपाशी ठेवू नका.

सहा-आठ तासांत लघवी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू जागेवर जाते, जुलाबात रक्त आहे, यातलं काहीही दिसलं की दवाखाना. आणखी एक गोष्ट 2025 च्या जानेवारीनंतर पुण्यातल्या पालकांना वेगळी सांगावी लागत नाही, पण इतरांसाठी लिहिते. जुलाब होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत मूल पायांत जोर नाही म्हणालं, जिना चढताना कठडा धरायला लागलं, हातापायांना मुंग्या येतात म्हणालं, तर "अशक्तपणा असेल" म्हणून थांबू नका. पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात तेव्हा जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातापायांतला जोर जाणारा आजार) जे रुग्ण आढळले, त्यांतल्या अनेकांना आधी जुलाबच झाले होते.

"पोटात दुखतंय"

सोमवारी सकाळचं पोटदुखणं प्रत्येक घरात असतं, आणि पालक लगेच "नाटक आहे" म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. मुलाला दुखत असतं. कारण कदाचित पोटात नसतं, एवढंच.

आधी खरं पोट तपासा. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवायला सांगा. बेंबीभोवती गोल हात फिरवला, तर बहुधा गंभीर नाही. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं तर अपेंडिक्सची शंका घ्यावी. मग मुलाला लंगडी घालायला सांगा. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडी घालत गेलं आणि हसलं, तर मन निश्चिंत करून दप्तर भरा. एका उडीत कळवळून पोट धरलं तर दवाखान्याची वाट धरा.

लंगडी जमते, ताप नाही, रविवारी दुखत नाही, शाळेच्या दिवशीच दुखतं, तर पाठवा, पण त्याच आठवड्यात बाईंना भेटा. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या पोटदुखीचं कारण शाळेचं शौचालय निघालं. कडी लागत नव्हती, म्हणून ती सकाळी 7 ते दुपारी 12 लघवी दाबून ठेवायची आणि पाणीच प्यायची नाही. कडी बसवली, दुखणं थांबलं. दुसऱ्या मुलाचा डबा मागच्या बाकावरची मुलं रोज संपवत होती. असली कारणं घरी बसवून कळत नाहीत आणि रागावूनही कळत नाहीत.

डोळे, पुरळ, खाज

डोळे आले असतील तर पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत घरी. 2023 च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता राज्यभर झाली, ती आठवण ताजी आहे. नुसतं बघितल्याने डोळे येत नाहीत. हात, रुमाल, उशी, टॉवेल यांतून येतात. काळा चष्मा लावून वर्गात बसवल्याने इतरांचं रक्षण होत नाही. मेडिकलवाल्याने स्वतःहून दिलेले थेंब घालू नका, त्यांत स्टेरॉइड असू शकतं.

अंगावर पुरळ आणि ताप एकत्र आले की डॉक्टरांनी नाव सांगेपर्यंत शाळा बंद. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, साधारण 5 ते 7 दिवस. मऊ कपडा, नखं कापलेली, आणि अंघोळ चालते. ती बंद ठेवून खाज वाढवू नका. गोवरात पुरळ दिसल्यापासून 4 दिवस घरी, आणि जीवनसत्त्व अ चे दोन दिवसांचे डोस डॉक्टरांना आठवणीने विचारा. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची जी साथ आली, त्यानंतर तरी लक्षात ठेवा: लसीचे दोन्ही डोस झालेत का, हे कार्ड काढून बघायला दोन मिनिटं लागतात. गालगुंडात सूज आल्यापासून 5 दिवस. त्याची लस सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे गालगुंड शाळांत फिरत राहतात. हात-पाय-तोंडाच्या फोडांच्या आजारात ताप जाऊन, फोड सुकून, मूल नीट गिळायला लागेपर्यंत. काविळीत डोळे पिवळे दिसल्यापासून निदान आठवडाभर, आणि पुढेही भूक परतेपर्यंत.

कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी शाळेला फोन करा. शरमेचं काही नाही. शाळेत एखाद्या बाई गरोदर असू शकतात, एखाद्या मुलाचे कॅन्सरचे उपचार चालू असू शकतात. त्यांच्यासाठी तो एक फोन फार मोलाचा असतो.

खरूज असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मलम रात्री मानेपासून पायापर्यंत लावा, घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री लावा, कपडे-चादरी गरम पाण्यात काढा. दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येऊ शकतं. नायट्यावर उपचार सुरू करून तो भाग झाकून पाठवा. उवांसाठी कुणालाही घरी बसवू नये. केस बांधा, फणी फिरवा, आणि मुलीला वर्गात कुणी चिडवत असेल तर ते आम्हाला सांगा.

थांबायचं नाही अशा खुणा

मूल हाक मारल्यावर नीट जागं होत नाही, मान ताठ झाली आहे, झटका आला, ओठ निळसर दिसतात, अंगावर जांभळे ठिपके आहेत आणि काचेचा पेला दाबून धरला तरी ते पुसट होत नाहीत, पाण्याचा घोटही पोटात राहत नाही. अशा वेळी 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं रुग्णालय गाठा. नजर उतरवायची असेल तर नंतर उतरवा.

डेंग्यूबद्दल वेगळं सांगते, कारण इथे आपला नेहमीचा अंदाज उलटा पडतो. डेंग्यूत ताप उतरतो तेच दिवस, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यानचे, सर्वात जपायचे असतात. ताप नाही म्हणून आपण शाळेची तयारी करतो आणि त्याच वेळी पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, एकदम गळून जाणं सुरू होऊ शकतं. डेंग्यूचं नाव निघालं असेल तर डॉक्टरांनी "पाठवा" म्हणेपर्यंत पाठवू नका.

परत कधी पाठवायचं

औषध न देता पूर्ण 24 तास ताप नाही, रात्र सलग झोपला, सकाळी नाश्ता पोटात राहिला, तर पाठवा. काल दुपारी औषध दिलं होतं आणि आज सकाळी ताप नाही, तर आजचा दिवस घरीच. पहिले दोन-तीन दिवस पी.टी. आणि मैदान नको.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, सकाळ-संध्याकाळ दोनदा देण्यासारखं आहे का. बऱ्याचदा असतं, मग शाळेत द्यावंच लागत नाही. दप्तरात बाटली ठेवू नका. गोड औषध मुलं एकमेकांना चाखायला देतात, मी स्वतः हातातून काढून घेतलेलं आहे. द्यावंच लागणार असेल तर बाटली आणि चिठ्ठी बाईंच्या हातात.

आता पालकांच्या अडचणीचं. रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पैसा बुडणं, हे मला दिसतं, आणि तिला मी "घरी ठेवाच" असं तोंडावर कधी म्हणत नाही. तिच्याशी बसून शेजारी कोण, नात्यातलं कोण, अर्धा दिवस कोण असा हिशेब लावते. राज्य सरकारी नोकरीतल्या आयांना संपूर्ण सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. कित्येकजणी मागायलाच कचरतात. मागा. बाबांनीही एखादी रजा टाकावी.

आणि शाळेच्या बाजूने: चाचणी बुडेल म्हणून तापात पाठवू नका, आम्ही ती नंतर घेतो. शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र देणं मी माझ्या वर्गापुरतं बंद केलं, कारण त्या एका कागदासाठी मुलं 102 तापात येऊन बसत होती.

मूल परत येईल त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून द्या. मागच्या पावसाळ्यात एका आजोबांनी दिलेली चिठ्ठी मी नमुना म्हणून सगळ्यांना दाखवते:

"बाई, परवा रात्री 8 नंतर ताप नाही. तेव्हापासून औषध दिलेलं नाही. पाणी सारखं प्यायला सांगावे, विसरतो. पळू देऊ नये. त्याच्या वडिलांचा फोन कंपनीत बाहेर जमा असतो, लागणार नाही. मी घरीच आहे, माझा नंबर खाली."

खाली नंबर होता, आणि शेजारी कंसात लिहिलं होतं: "ऐकू कमी येते, दोनदा लावावा."